एकही लागलं नाही

वारा पहाटेपासून उलटा सुटला होता. रोज टेकडीवरून खाली उतरणारा वारा आज खालून वर चढत होता आणि रोपवाटिकेची हिरवी जाळी फुगवून पुन्हा आपटत होता. आभाळ पांढुरकं, धुरकट. ऊन पडलंय की नाही तेही कळू नये असं. अशा हवेत पिशवीतली माती मोठी लबाड होते. वरून ओली दिसते आणि आत कोरडी ठणठणीत. म्हणून मुकादमीण उकिडवी बसून एकेका पिशवीच्या बुडाला बोट लावून बघत पुढे सरकत होती. तिच्या मागून पाण्याची नळी घेऊन जी बाई येत होती, तिचं तोंड नळीपेक्षा जोरात वाहत होतं. या बाईला सगळी टोळी रेडिओ म्हणायची.

"पाणी घालतेस का अत्तर शिंपडतेस?" मुकादमीण मागे न बघता म्हणाली. "बुडापर्यंत जाऊ दे."

"जातंय की. पण माझं लक्ष आज पाण्यात नाहीच. आज तुमच्याकडे यंत्रांचं स्वयंवर! माळ कुणाच्या गळ्यात?"

"जो कमी धूर काढील त्याच्या."

"म्हणजे तुमचे दीर पहिल्या फेरीतच बाद."

मुकादमीण हसली नाही. आज तिला ओढा ओलांडायचा होता.

तलावाच्या वरच्या उघड्या टेकड्यांवर झाडं लावणारी एक संस्था होती, आणि तिच्या बायकांच्या टोळीची ही मुकादम. नवराही घरात थट्टेने तिला 'मुकादमीणबाई' म्हणायचा, आणि म्हणता म्हणता तेच तिचं नाव होऊन बसलं होतं. खड्डा किती खोल घ्यायचा, वरची माती कुठे टाकायची, पिशवी कुठून फाडायची, सगळं ती सांगायची, आणि सांगायची म्हणजे ओरडायची. पण रोप खड्ड्यात उभं करायची वेळ आली की तिचा हात मागे जायचा. "लाव गं तू," असं ती शेजारच्या बाईला म्हणायची. नव्या बायकांना वाटायचं, मुकादम आहे, थोडा माज असणारच. जुन्या बायका दुसरीकडे बघायच्या.

कारण होतं ओढ्यापलीकडचा उतार.

सात-आठ वर्षांमागची गोष्ट. ती नवी नवी मुकादम झालेली. त्या उतारावर लाल गाभ्याची, सावकाश वाढणारी झाडं लावायची होती. हौस एवढी दांडगी, की निम्म्याहून जास्त रोपं तिने आपल्या हाताने लावली. तिच्याकडे एक काठी होती. काठीवरची खाच म्हणजे खड्ड्याची खोली, आणि दोन खड्ड्यांमध्ये अंतर बरोबर दोन काठ्या. अंदाजपंचे काम तिला खपायचं नाही. बायका म्हणायच्या, ही रात्री नवऱ्यालाही काठी लावून झोपवत असेल, दोन काठ्या लांब.

मग पुढच्या पावसाच्या तोंडी ट्रॉलीवरून उतरताना तिचा पाय मोडला. प्लास्टर चढलं आणि ती खाटेला खिळली. उतारावर राखणीला सासरे होते. मेलेल्या रोपाच्या जागी नवं लावायचं, याला त्यांच्या कामात नांग्या भरणं म्हणतात. त्यासाठी तिने ट्रॉलीभर रोपं सासऱ्यांकडे पाठवून दिली. थोड्या दिवसांनी राहवेना तेव्हा नवऱ्याला म्हणाली, "अहो, आबांना विचारा, रोपं किती लागली?"

नवरा संध्याकाळी निरोप घेऊन आला. आबा म्हणाले, एकही लागलं नाही.

मागोमाग ट्रॉलीभर रोपंही जशी गेली तशी परत आली. आणखी काय विचारायचं राहिलं? दहा-वीस रोपं गेली तर नांग्या भरतात. अख्खा उतारच गेला तर भरणार काय आणि कशात? तिने भिंतीकडे तोंड केलं. संस्थेला कळवलं. तेव्हाचे साहेब खुर्चीतून उठायला फारसे राजी नसत. त्यांनी उतार सोडून दिला, राखण बंद केली, आबा घरी बसले. 'या बाईच्या हाताला लागत नाही' हे पहिल्यांदा कोण म्हणालं ते कळलं नाही. पण वर्षभरात तिचं तिलाच ते पटलं.

आणि पोटात आणखी एक गोष्ट होती, जी तिने कुणाजवळ काढली नाही. म्हाताऱ्याचा डोळा लागला असेल. बकऱ्या शिरल्या असतील. असं एकही कसं लागत नाही? सासऱ्यांना ती उलटून बोलली नाही, बोललीच नाही. सकाळी "आबा, चहा." त्यावर "हं." इतक्यात दोघांचं दिवसाचं बोलणं उरकायचं. प्लास्टर निघालं तोवर पाऊस होऊन गेला होता, पलीकडे गवत कमरेला आलं होतं. मग घाणेरी माजली, तिच्यावर काटेरी वेली चढल्या, आणि उतार एका जाड हिरव्या गोधडीखाली गेला. लोक त्याला मेलेला उतार म्हणायचे. ती त्या बाजूला मान वळवायची नाही.

आता नवे साहेब आले होते, उन्हाची मोठी टोपी घालून पायी हिंडणारे. त्यांनी ठरवलं, मेलेला उतार साफ करायचा आणि पावसाआधी तिथे नव्याने झाडं लावायची. "झुडपं काढायला यंत्र कोणतं घ्यायचं ते तुम्ही सांगा," ते मुकादमीणबाईंना म्हणाले. "लावायचंय तुम्हाला. मी नुसता वर सही करणार."

म्हणून आज प्रत्येकाने एकेक पट्टा साफ करून दाखवायचा होता. एक डोझर, तो तिच्या धाकट्या दिराचा. एक मल्चर, बाहेरगावाहून आलेला. आणि तिसरी तिची टोळी: हातातले ब्रशकटर आणि कोयते.

दीर ओढ्याशीच तिची वाट बघत उभा होता.

"वहिनी, घरचं यंत्र दारात असताना बाहेरचं बघायचं म्हणजे मी काय समजायचं?"

"भावजी, आधी करून तर दाखवा. मग काय समजायचं ते दोघं मिळून समजू."

डोझर सुरू झाला आणि रेडिओचाही आवाज कुणाला ऐकू येईना. रुंद पोलादी पातं जमिनीला टेकलं आणि घाणेरीच्या भिंतीत घुसलं. काड काड करून मुळं तुटत होती, धुळीचा लोट वाऱ्याबरोबर वर चढत होता, आणि समोरचं सगळं रान गुंडाळल्यासारखं खाली सरकत होतं. थोड्या वेळात पट्टा संपला. खालच्या टोकाला घराएवढा ढीग झाला, फांद्या, वेली, मुळं, दगड, माती, सगळं एकमेकांत कालवलेलं आणि वरून धुळीने एकरंगी झालेलं.

दीर खाली उडी मारून आला. "बघा! कसं केलं टक्कल! कंगवा फिरवायला जागा नाही."

मुकादमीण वाकली. हाताला मुरूम लागला, खाली पांढरा दगड. काळी माती ढिगात गेली होती. "भावजी, मी केस काढायला सांगितले होते. तुम्ही कातडीसकट काढलेत."

"आता वहिनी, साफ म्हणजे साफ."

मग मल्चर. त्याचा चालक कानांवर जाड गोळे चढवून, कुणाशी न बोलता काचेच्या खोलीत जाऊन बसला. यंत्राच्या पुढच्या अंगाला दातांचा एक आडवा रोळ होता. तो गरगरत झुडपावर टेकला की झुडूप जागच्या जागी चुरा होऊन खाली पडायचं. ना ढीग, ना खड्डा. मागे नुसता कपच्यांचा जाड थर, पाय ठेवला तर गादीसारखा. साहेबांनी कागदावरून वाचून सांगितलं, "यात एकच खोट आहे. मुळं जमिनीत राहतात. झुडूप पुन्हा फुटतं."

"फुटू दे. माती जाग्यावर राहते. आणि हा चुरा पाणी धरून ठेवील." बऱ्याच दिवसांनी तिच्या आवाजाला धार आली होती. दिराच्या पडलेल्या तोंडाकडे न बघता तिने साहेबांना सांगायला हात वर केला, की हेच, हेच घेऊ.

हात वरच राहिला.

वारा खालून येत होता आणि घाणेरीचा तो उग्र, डोक्यात जाणारा वास तोंडावर आणत होता. त्या वासात मध्येच दुसरा वास आला. तुरट, थोडा गोड, सुताराच्या दुकानात नवी फळी चिरताना येतो तसा. हा वास घाणेरीला नसतो. कुठल्याच झुडपाला नसतो. तिने खाली बघितलं. पायाशी पडलेल्या राखाडी चुऱ्यात लाल कपच्या होत्या. एक नाही, ओंजळभर.

"हे कुठून आलं?"

"काय?" साहेब म्हणाले.

ती उत्तर द्यायला थांबली नाही. हातातली ती जुनी खाचेची काठी सावरत ती यंत्राच्या मागून पळत सुटली. "थांबव! ए, थांबव!" मल्चर चालतच होता. साहेब टोपी काढून हलवायला लागले, बायका ओरडायला लागल्या, पण कानांवर गोळे घातलेल्याला काय ऐकू येणार! तिने खांद्याची पाण्याची स्टीलची बाटली काढली आणि काचेच्या खोलीवरच्या जाळीवर नेम धरून भिरकावली. ठणकन आवाज झाला. रोळ हळूहळू थांबला.

चालक गोळे काढत ओरडला, "बाई, जीव नकोसा झालाय का? याच्या मागे यायचं नसतं! दगड उडाला असता म्हणजे डोकं गेलं असतं तुमचं!"

तिला त्याचे शब्द ऐकू आले, पण ते दुसऱ्याच कुणाला उद्देशून असावेत तसे. ती गुडघ्यांवर बसली होती. चुरा दोन्ही हातांनी बाजूला करत होती. खाली एक खुंट होता, मनगटापेक्षा जाड, वरून फाटलेला. त्याच्या फाटक्या कडेवर लालभडक चीक थेंबाथेंबाने जमा होत होता.

"रानात एखादं आपोआप उगवतं असं," साहेब धापा टाकत येऊन म्हणाले.

"हो," ती म्हणाली. तिलाही ते तसंच असावं असं वाटत होतं.

तिने काठी खुंटाशी टेकवली. एक काठी. उचलून पुढे ठेवली. दुसरी काठी. काठीच्या टोकाशी चुरा उकरला. खाली खुंट. लाल.

तिथून पुन्हा दोन काठ्या. खुंट.

पुन्हा.

रान वाटेल तिथे उगवतं. काठीने मोजून उगवत नाही. "हे काय आहे?" असं ती कुणाला तरी विचारत होती आणि उत्तर तिच्या हातातच होतं, खाच पाडलेलं. रेडिओ जवळ आली, वाकून बघितलं आणि तोंडावर हात ठेवून तशीच उभी राहिली.

"कोयता दे," मुकादमीण म्हणाली.

पट्ट्याच्या कडेला अजून न कापलेलं रान उभं होतं. तिने खुंटापासून आडव्या दोन काठ्या घातल्या आणि जिथे काठी टेकली तिथे रानात शिरली. वेली तोडल्या, घाणेरीचे दांडे बाजूला वाकवले, हाताला काटे लागले ते कळलं नाही. आत अंधार होता, दमट होता. आणि त्या अंधारात, वेलींनी दोरीसारखं आवळलेलं, तिच्या डोक्याच्या वर गेलेलं एक झाड सरळ उभं होतं. उन्हावाचून फिकुटलेलं, अंग धरायला न मिळालेलं. पण शेंड्याला पानं होती. बकऱ्यांचं तोंड इथवर पोचणं शक्यच नव्हतं. काट्यांनी त्यांना वाटच दिली नव्हती.

तिने खोडाभोवती हात गुंडाळला. बोटं एकमेकांना पोचली नाहीत.

"जिवंत आहे," ती म्हणाली. कुणी गेल्याची बातमी सांगावी त्या आवाजात म्हणाली.

ती बाहेर आली. तिची नजर आपोआप डोझरच्या पट्ट्याकडे गेली. त्या पांढऱ्या, सोललेल्या जमिनीवरून खाली, घराएवढ्या ढिगाकडे. दीरही तिकडेच बघत होता. तो ढिगाशी गेला, एक दांडा ओढला, अंगठ्याने त्याची धूळ पुसली, आणि पुसल्यावर अंगठा तसाच धरून उभा राहिला. अंगठा लाल झाला होता. मग कुणी न सांगता त्याने जाऊन डोझरची किल्ली काढून खिशात टाकली.

"साहेब, काहीही चालू करू नका. मी घरी जाऊन येते."

"पण मला आज सांगावं लागेल. हा मल्चरवाला उद्या दुसरीकडे चाललाय."

"जाऊ दे त्याला," ती म्हणाली, आणि ओढ्याकडे चालू लागली.

नवऱ्याचं पंक्चरचं दुकान वाटेवरच होतं. तो घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब दाबून बुडबुडे शोधत होता. तिचं रक्ताळलेलं कोपर आणि तोंडाचा रंग बघून ट्यूब हातातून सुटली.

"काय झालं? पुन्हा पाय?"

"तुम्ही मला काय निरोप आणला होता? आबांचा? पाय मोडला होता तेव्हा?"

"आत्ता? भर बाजारात? काय विचारतेस काय!"

"सांगा."

"एकही लागलं नाही म्हणाले. मी जसंच्या तसं सांगितलं. एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही. तू म्हणालीस, विचारा किती लागली. मी विचारलं, किती लागली. ते म्हणाले—"

"दुकान बंद करा. चला."

आबा मागच्या अंगणात कोयत्याला नवी मूठ बसवत होते. एका कानाने कमी ऐकू यायचं म्हणून ती चांगल्या कानाच्या बाजूला जाऊन बसली. इतक्या वर्षांत ती त्यांच्या इतकी जवळ बसली नव्हती. त्यांनी दचकून वर बघितलं.

"आबा, तो पलीकडचा उतार. मी लावलेली रोपं. तुम्ही राखत होता ती."

"हं."

"त्यातली किती जगली होती?"

"किती म्हणजे?" आबा मुठीत पाचर ठोकत म्हणाले. "सगळी."

तिला ऐकू आलं होतं, समजलं नव्हतं.

"एखाददुसरं सशाने कुरतडलं होतं," आबा म्हणाले. "तेही पुन्हा फुटलं."

"आबा!" नवरा ओरडला. "तुम्ही मला म्हणाला होता, एकही लागलं नाही!"

"मग? नाहीच लागलं." आबांनी कोयता खाली ठेवला. पोराच्या बुद्धीची त्यांना काळजी वाटत असावी. "तू विचारायला आलास, रोपं किती लागली. हिने नांग्या भरायला ट्रॉलीभर रोपं पाठवली होती. आता नांगी असेल तर रोप लागेल ना! सगळी जागच्या जागी उभी. एकही लागलं नाही, म्हणून ट्रॉली भरून परत पाठवली. ट्रॉलीवाल्याला म्हटलंसुद्धा, नीट ने, पुढच्या वर्षी उपयोगी येतील."

नवरा डोकं खाजवायला लागला. "पण मी जसंच्या तसं..."

"जसंच्या तसं," ती म्हणाली. "मी विचारलं होतं, मूळ किती रोपांनी धरलं."

"मग तसं विचारायचं."

ती पायरीवर बसली. एवढासा शब्द. दिवसातून शंभरदा तोंडातून जाणारा. त्याच्यापायी तिने अख्खा उतार पुरून टाकला होता, आणि त्याच्याबरोबर आपला हातही.

"आणि राखण बंद केली तेव्हा? तेव्हाही तुम्ही काही विचारलं नाहीत?"

आबांनी कोयत्याची मूठ उगाच फिरवून बघितली. "काय विचारायचं? सगळी धरली, आता राखणदार कशाला पोसायचा, म्हणून सुनेने कमी केलं, असं समजलो. बरोबरच होतं तुझं. फक्त..."

"फक्त काय?"

"काही नाही. एवढी जगवली, त्यावर घरात कुणी अवाक्षर काढलं नाही. म्हटलं, मुकादम माणसं ही. त्यांच्यात कौतुकाची पद्धत नसेल."

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. बकऱ्या आणि म्हाताऱ्याचा लागलेला डोळा. इतकी वर्षं ती रोज सकाळी चहाबरोबर त्यांच्यापुढे तो आरोप ठेवत आली होती, आणि ते तो मुकाट्याने पीत आले होते. मुकादम माणसांची रीतच अशी, असं समजून.

"आबा, चला," ती उठून म्हणाली. "तुम्हाला दाखवायचंय."

"मला नको. माझं काम केव्हाच संपलंय तिथलं."

"नाही संपलं."

नवऱ्याच्या गाडीवर मागे बसून आबा ओढ्यापर्यंत आले, पुढे काठी टेकत चालले. साहेब, टोळी, दीर, सगळे तिथेच थांबले होते. मल्चरवालाही गेला नव्हता. दगडावर बसून तिच्या बाटलीने जाळीला पाडलेला पोचा बघत होता. आबा दोन पट्ट्यांच्या मधोमध उभे राहिले. आधी त्यांना कळेना. मग कळलं.

"ही कुणी मारली?"

दिराने मान खाली घातली. साहेब पुढे होऊन काही बोलणार, तेवढ्यात ती म्हणाली, "मी. मी सांगितलं म्हणून झालं."

आबांनी तिच्याकडे बघितलं नाही. ते मल्चरच्या पट्ट्यात गेले, चपलेच्या टोकाने चुरा सारला, खुंटाच्या फाटलेल्या कडेवर बोट फिरवलं, ते वासाला नाकाशी नेलं.

"हा फुटेल," शेवटी म्हणाले. "खाली मूळ आहे. पहिल्या पावसात चार फुटवे टाकील. त्यातला एक ठेवायचा." मग त्यांनी डोझरच्या पांढऱ्या पट्ट्याकडे मान वळवली. "तिकडे मूळच ठेवलं नाही रे बाबांनो."

दिराने खिशातली किल्ली घट्ट धरली.

"मग आता?" साहेबांनी हळू आवाजात विचारलं. सकाळपासून त्यांनी टोपी परत डोक्यावर घातलीच नव्हती. "यंत्र कोणतं?"

मुकादमीण उताराकडे बघत होती. सकाळी तिला तिथे नुसतं रान दिसलं होतं. आता तेच रान बघताना तिला त्याच्या आत ओळी दिसत होत्या, दोन काठ्यांवर एक, दोन काठ्यांवर एक, वर कड्यापर्यंत. डोळे मिटले तरी दिसत होत्या, आणि भीती वाटत होती.

"मोठं कुठलंच नको," ती म्हणाली. "आधी काठी घालून झाड शोधायचं. त्याला चिंधी बांधायची. त्याच्या अंगावरचं सगळं कोयत्याने काढायचं. मग दोन ओळींमधल्या जागेत ब्रशकटर. कापलेलं तिथेच पसरायचं, या मल्चरवाल्याने पसरलंय तसं."

"पावसाआधी होईल?"

"अर्धंही होणार नाही. उरलेलं पावसानंतर. इतकी वर्षं वाट बघितली झाडांनी, आणखी बघतील."

"आणि आपण जी एवढी नवी रोपं मागवलीत?"

"ती नांग्या भरायला लागतील की!" रेडिओ पटकन म्हणाली.

'लागतील' ऐकताच मुकादमीण अशी दचकली, की नवऱ्याने तिचा दंड धरला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. रेडिओला काय चुकलं ते कळेना. "मी काय वाईट बोलले का?" ती शेजारणीला विचारत राहिली.

सगळे उतरायला लागल्यावर दीर तिच्या मागून आला. "वहिनी, तो ढीग... त्यातली माती चाळून परत वर आणून पसरतो. त्याला तरी चालेल ना माझं यंत्र?"

"हळू चालवणार असाल तर."

"रांगत चालवीन," तो म्हणाला. त्याला विनोद करायचा होता, पण आवाजाने साथ दिली नाही.

त्या रात्री ती झोपली की नाही, नवऱ्याला सांगता आलं नाही. मधूनमधून अंधारात "सगळी" असं काहीतरी ऐकू येत होतं म्हणे.

सकाळी वारा पुन्हा सुलटा झाला होता. तिने चहाचा कप आबांच्या हातात दिला आणि रोजच्यासारखी वळली.

"साखर लागत नाही," आबा म्हणाले.

ती उंबऱ्यात थांबली. "लागत नाही म्हणजे? नको, का कमी पडली?"

आबांनी कपावरून तिच्याकडे बघितलं. पांढऱ्या मिशीचं एक टोक हललं. "कमी पडली."

तिने डबा आणून चमचाभर साखर टाकली, ढवळली, आणि ते पिऊन बघेपर्यंत उभी राहिली. "आता?"

"आता लागतेय."

रोपवाटिकेत वाफ्यातली कोवळी रोपं पिशव्यांत हलवायची होती. रेडिओ वाफ्यापाशी बसून एकेक उपटून देत होती, बाकीच्या लावत होत्या. मुकादमीण जवळून जाताना रेडिओने एक रोप तिच्यापुढे धरलं. "धरा."

"लाव गं तू," तिच्या तोंडून गेलं. हातही मागे गेला होता.

रेडिओने रोप तसंच धरून ठेवलं. मुळं उघड्यावर सुकतात, वेळ घालवायचा नसतो. मुकादमीण खाली बसली. पिशवीतल्या मातीत बोटाने भोक पाडलं. मूळ एकदा दुमडलं, तिने ते बाहेर काढून पुन्हा सरळ सोडलं. अंगठ्याने माती दाबली. रोप थोडं कललं, मग उभं राहिलं.

ती त्याच्याकडे बघत बसली नाही. पुढच्या ओळीकडे सरकली, पहिल्या पिशवीच्या बुडाला बोट लावून बघितलं, आणि मागे न बघता म्हणाली, "ही ओळ कोरडी आहे. नळी आण इकडे."